सावकाश नावाची जीप

मी पदवीधर झालो तो पौडच्या चाचांमुळे. आई-वडिलांचे कष्ट होतेच, आणि शाळेतल्या सरांनी माझं गणित पक्कं करून घेतलं हेही खरं. पण मालेहून कॉलेजपर्यंत पाच वर्षं मला रोज नेलं ते चाचांनी. त्यांची वडापची जीप होती. एसटी वेळेवर आली नाही की रस्त्यावर ताटकळलेली माणसं दाटीवाटीने भरून निघते ती वडाप. आमच्या भागात चाचांना नावाने कोणीच हाक मारत नाही. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना चाचाच म्हणतात.

त्यांच्या जीपमध्ये एक नियम होता, ‘परीक्षेवाला पुढं’. ज्याचा त्या दिवशी पेपर असेल त्याला ड्रायव्हरशेजारची खिडकीची जागा मिळायची. तिथे आधीच कोणी बसलेलं असलं, अगदी सरपंच असले, तरी चाचा गाडी थांबवून म्हणायचे, “उठा पाव्हणं, मागं बसा. ह्याचा आज पेपर हाय.” पेपरवाला बसला की गाडी नेहमीपेक्षाही हळू चालायची. पुस्तकातली अक्षरं हलू नयेत म्हणून. मागून ओरडा व्हायचा.

“चाचा, ह्याच्यापरीस चालत गेलो असतो की!”

“मग उतरा. पौडात भेटूच,” चाचा म्हणायचे, आणि मागे वळूनही बघायचे नाहीत.

जीपच्या मागच्या दाराला निळा रंग होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘सावकाश’. त्याच्या बाजूला स्टेपनीचं चाक. गाडीचं नावच ते पडलं होतं. “सावकाश गेली का?” असं लोक फाट्यावर विचारायचे आणि नव्या माणसाला तो प्रश्न कळायचा नाही. त्या जीपचा नंबर मात्र मला तेव्हाही माहीत नव्हता. कोणालाच नव्हता.

पुढच्या सीटवर पेपर नसतानाही मी बसायचो, जागा रिकामी असेल तेव्हा. तिथे मला गाड्यांचं वेड लागलं. चाचा आरशावर हात ठेवून विचारायचे, “मागनं काय येतंय? न बघता सांग.” सुरुवातीला मला सगळे आवाज सारखेच वाटायचे. हळूहळू भरलेला डंपर आणि रिकामा डंपर वेगळे ऐकू यायला लागले. कोणी घाटात उगाच वरच्या गिअरला गाडी रडवतोय हे कळायला लागलं. खुद्द सावकाशला दुसऱ्या गिअरमध्ये एक बारीक शीळ यायची. दुरून ती ऐकू आली की मी चहा अर्धा टाकून पळायचो.

आता मी हिंजवडीच्या एका ऑफिसात काम करतो आणि भूगावला राहतो. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अकोल्याकडचा एक मित्र आहे, तोही आयटीतलाच. एकदा पार्किंगमध्ये बोलता बोलता मी त्याला बाहेरून गेलेल्या गाडीचं वर्णन न बघता सांगितलं. तो म्हणाला, “अरे बाप्पा, तू तर चालता-फिरता रडारच आहेस!” आणि त्याच संध्याकाळी त्याने मला एका ग्रुपमध्ये घातलं.

ग्रुपचं काम साधं होतं. रविवारी सकाळी मालेच्या पुढे, रस्ता धरणाच्या पाण्याकडे वळतो तिथल्या टपरीवर बसायचं आणि जाणाऱ्या गाड्या बघायच्या. पुण्याहून ताम्हिणीकडे निघालेल्या सगळ्या गाड्या तिथून जातात. कंपनीतून आली तशीच असेल ती ‘स्टॉक’. मालकाने तिच्यात काही बदल केले असतील तर ती ‘मॉड’. मी एक वही ठेवली होती. ज्या रस्त्याने मी लहानपणी गुरं हाकत नेली त्याच रस्त्याच्या कडेला मला खुर्ची टाकून गाड्या बघत बसलेला पाहून माझे वडील एकदा म्हणाले, “ह्याच्यासाठी शिकलास व्हय?” पण मग तेही शेजारी बसले आणि तासभर हलले नाहीत.

त्या वहीतल्या नोंदी मी अजून काढून वाचतो. एक पांढरी छोटी गाडी इतकी खाली बसवलेली होती की स्पीडब्रेकर आला की आतले चौघं उतरायचे, गाडी रिकामी पलीकडे जायची, मग चौघं पळत जाऊन पुन्हा बसायचे. माले ते टपरी एवढ्यात त्यांचा तीनदा व्यायाम झाला. एका केशरी गाडीचा सायलेन्सर फटाक्यांच्या माळेसारखा वाजायचा. तिचा मालक आमच्याजवळ थांबला, आम्ही विचारण्याआधीच त्याने बॉनेट उघडलं आणि तोंडभरून सगळं सांगितलं. निघताना म्हणाला, “आईला आवाज आवडत नाही हो. गल्लीत बंद करून ढकलत नेतो.” कितीतरी दिवस मला तो माणूस आठवत राहिला. एवढा आवाज स्वतःच्या हाताने बसवायचा आणि मग आईसाठी गाडी ढकलायची. माणूस गाडीत काय बदलतो आणि का बदलतो, हे विचारत बसायला मला मनापासून आवडायचं.

बेफाम चालवणारेही आम्ही टिपायचो. माझा समज होता की मॉडवालेच ते. वही मात्र वेगळंच सांगत होती. वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या, एका हाताने मोबाईल धरलेल्या गाड्या बऱ्याचदा अगदी साध्या निघायच्या, टपावर बॅगा बांधलेल्या, मागच्या काचेला मुलांनी नाक चिकटवलेल्या.

अशा गाड्यांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकताना दोन नियम पाळायचे. नंबर झाकायचा आणि चेहरा कापायचा. मला हे नियम आवडले होते. चूक दाखवायची, माणसाला उघडं पाडायचं नाही, असं मी घरीही अभिमानाने सांगितलं होतं.

एका रविवारी आधी आवाज आला. जाड, घशातून आल्यासारखा. पण त्याच्या तळाशी काहीतरी ओळखीचं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. दुसऱ्या गिअरची ती बारीक शीळ.

टपरीपुढे एक उंच उचललेली जीप येऊन थांबली. शेवाळी रंग, बाहेर आलेले रुंद टायर, टपावर दिव्यांची रांग. गॉगल लावलेला एक तरुण उतरला, त्याने पाण्याची बाटली घेतली. मी मोबाईलवर व्हिडिओ सुरूच ठेवला होता. तो बसला, गाडी निघाली आणि पुढच्याच आंधळ्या वळणावर तिने एका टेम्पोला ओलांडलं. समोरून येणारा दुचाकीवाला कडेच्या मातीत उतरला, डगमगला, पण पडला नाही. जीप तशीच गेली. सगळी गाडी नवी केली होती त्याने, फक्त मागचं दार जुनं ठेवलं होतं. निळं. त्यावर पांढरी अक्षरं.

“अबे, नाव वाच, नाव!” अकोलेकर हसून हसून वाकला. “सावकाश!”

ती चाचांची जीप होती हे मला तिथेच कळलं होतं. गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी ती भूगावच्या एका तरुणाला रीतसर कागद करून विकली होती, आणि आता ते भरे गावाच्या बाजूच्या एका शाळेची व्हॅन चालवत होते. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी व्हिडिओ टाकला. मी नियमाप्रमाणे सुरुवातीचा चेहऱ्याचा भाग कापला, मागच्या नंबरवर काळा चौकोन ठेवला आणि वर लिहिलं, ‘नाव बघा, चाल बघा!’ विनोद फार चांगला जमला होता. त्यापुढे मी विचारच केला नाही.

बुधवारी आईचा फोन आला. “आरं, चाचाची व्हॅन बंद केली म्हनं शाळेनं.”

“का?”

“त्यानं जीप लई जोरात पळवली म्हनं. कुनाला तरी उडवत होता. सगळ्यांच्या मोबाईलवर आलंय. मला तर पटत न्हाई. तो मानूस कवा पळवंल व्हय गाडी?”

मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. माझा व्हिडिओ आमच्या ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून तिसऱ्यावर आणि शेवटी शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पोहोचला होता. तिथे कोणीतरी लिहिलं, ही तर आपल्या व्हॅनवाल्या चाचांची सावकाश. बस. नंबर दिसला असता तर जीप कोणाच्या नावावर आहे ते कोणीही बघितलं असतं. चेहरा दिसला असता तर प्रश्नच नव्हता. मी दोन्ही झाकलं होतं, आणि आमच्या भागात गाडी ज्यावरून ओळखतात ते नाव तेवढं मोठं करून ठेवलं होतं. इतकी वर्षं त्या फाट्यावर उभा राहिलेला मी, मला हे सुचू नये?

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून पौडला गेलो. चाचा अंगणात व्हॅन धूत होते. तीन दिवस ती कुठे गेलीच नव्हती, तरी धूत होते.

“चाचा, तो व्हिडिओ मी काढलाय.”

त्यांनी फडकं पिळलं. पुन्हा काचेवरून फिरवलं. मग म्हणाले, “आवाज लई खराब केलाय तिचा. सायलेन्सर काढला का काय त्यानं?”

“बदललाय.”

“दाव. मी सगळा बघितला न्हाई.”

मी न कापलेला मूळ व्हिडिओ लावला. गॉगलवाला तरुण दिसला तेव्हा त्यांनी मान हलवली. “ह्योच. त्याला गाडी दिली तवा घाई झाली. क्लच कसा सोडायचा त्ये सांगायचंच राहिलं.” वळणावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मागचं दार दिसलं तेव्हा मात्र मोबाईल माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला. “स्टेपनी काढली व्हय! बग, जाऊ दिसतंय.”

“काय दिसतंय?”

त्यांनी बोट ठेवलं. जिथे स्टेपनीचं चाक असायचं तिथे, नव्या नंबरप्लेटच्या अगदी वर, आणखी एक शब्द होता. इतकी वर्षं चाकाआड राहिल्यामुळे अक्षरं ताजी होती. ‘जाऊ’. मी टाकलेल्या व्हिडिओत तो माझ्या काळ्या चौकोनाखाली गेला होता.

“पेंटर आला त्या दिवशी स्टेपनी पंक्चरला दिल्याली,” चाचा म्हणाले. “त्यानं लिवलं ‘सावकाश जाऊ’. मग चाक लावलं आन् जाऊ दडलं. म्हनलं दडू दे. लोकांनी निम्म्यालाच नाव केलं.”

शनिवारी सकाळी आम्ही दोघं शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत पालकांच्या वतीने एक वडील आले होते, लातूरकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. त्यांची मुलगी चाचांच्या व्हॅनमधून यायची. मी सगळं सांगितलं. त्या वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “नंबर का झाकला तुम्ही?”

“कोणाची ओळख उघडी पडू नये म्हणून.”

“पडली की. भलत्याचीच पडली.”

मी मोबाईल बाईंपुढे ठेवला. बाईंनी मूळ व्हिडिओ दोनदा पाहिला, त्या वडिलांनाही दाखवला. त्यांनी चाचांकडे बघून हात जोडले. बाई म्हणाल्या, “मला पटलं. पण बाकीच्या पालकांना मी हे दाखवू का?”

“नको मॅडम,” चाचा लगेच म्हणाले. “त्या पोराचं तोंड गावाला दावू नका. पोलिसाला दावा, त्यांचं काम हाय त्ये. पर ग्रुपवर नको. आत्ता बघितलं ना काय होतंय त्ये.”

“मग पालकांना काय दाखवू? विक्रीच्या कागदावर त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं ते लिहिलेलं नसतं. एकदा मनात आलेली शंका तोंडी सांगून जात नाही, चाचा. पालकांचा होकार आला तरच सोमवारी व्हॅन सोडता येईल मला.”

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्यो लिहून देईल. ग्रॅज्युएट हाय.”

त्यांनी ते अभिमानाने म्हटलं होतं. त्यामुळे मला जास्तच लाजल्यासारखं झालं.

शाळेतून निघून मी व्हिडिओ पोलिसांकडे दिला आणि दुपारी घरी बसून पत्र टाइप केलं. वरिष्ठांना खुलासा देतात तसं. ‘सदर चित्रफितीतील वाहनचालक हे सदर इसम नसून, सदर वाहनाची विक्री पूर्वीच झालेली आहे’ वगैरे. संध्याकाळी पौडला नेऊन दिलं. चाचांची सातवीतली नात मोठ्याने वाचायला लागली. दुसऱ्या ओळीला चाचांनी हात वर केला.

“थांब. ह्यो सदर कोन?”

नात हसायला लागली. मी म्हणालो, “चाचा, सदर म्हणजे तुम्हीच.”

“माज्या व्हॅनमधी सतरा पोरं हायेत, त्यात सदर न्हाई. माजं नाव सदर न्हाई. त्यांच्या आया वाचणार ना ह्ये? मग त्यांना समजंल असं लिव. आन् कागदाशी काय बोलतोस? माज्याशी बोल.”

मी त्यांच्याच ओट्यावर बसून नातीच्या वहीतलं पान मागितलं. तिने पेनही दिलं. चार ओळी लिहून थांबलो, कारण चाचा समोर असताना मला लिहिता येईना. मग ते पान घरी नेलं, रविवारी पहाटे पूर्ण केलं आणि अकोलेकर मित्राच्या हाती पौडला पाठवलं. त्याला म्हणालो, तूही चाचांना भेटून ये. ते पत्र असं होतं.

आदरणीय चाचा,

सलाम. हे पत्र तुम्हाला लिहिलं आहे, पण व्हॅनमधल्या मुलांच्या आईवडिलांना तुम्ही ते जरूर दाखवा.

त्या रविवारी जीप पळवणारे तुम्ही नव्हता. ती जीप तुम्ही दोन वर्षांपूर्वी विकली आहे. त्या दिवशी ती कोण चालवत होतं ते माझ्याकडच्या मूळ व्हिडिओत दिसतं. मुख्याध्यापिकाबाईंनी आणि एका पालकांनी तो पाहिला आहे, आणि आता तो पोलिसांकडेही आहे. व्हिडिओ मी काढला आणि मीच पसरवला. नंबर झाकला, चेहरा कापला आणि तुमच्या गाडीचं नाव तसंच ठेवलं, कारण मला लोकांना हसवायचं होतं. चूक माझी आहे. तुम्हाला पाच दिवस शाळेच्या दारात जाता आलं नाही ते माझ्यामुळे.

पालकांना मला एवढंच सांगायचं आहे की मी या माणसाच्या शेजारी बसून पाच वर्षं प्रवास केला आहे. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला माझं हॉलतिकीट घरी राहिलं होतं. आम्ही पौडजवळ आलो होतो. गाडी माणसांनी भरलेली होती. चाचांनी सगळ्यांना विचारलं, “परत फिरवू का?” लोक कुरकुरले, पण नाही कोणी म्हणालं नाही. जीप मालेला परत गेली. घाई होती, मी रडकुंडीला आलो होतो, तरी वळणावर तुम्ही नेहमीसारखाच हॉर्न दिला, नेहमीसारखाच गिअर उतरवला. मी म्हणालो, “चाचा, जरा पळवा की.” तुम्ही म्हणालात, “पोचायचंय ना?” आम्ही पोहोचलो. पेपर सुरू व्हायला सात मिनिटं होती.

मी आज गाड्यांबद्दल जे काही जाणतो ते तुमच्या पुढच्या सीटवर शिकलो. तरी त्या जीपवर दुसरा शब्द आहे हे मला या आठवड्यात कळलं. मला वाटायचं ते नाव मागून येणाऱ्यांना सांगायला लिहिलं आहे. तुम्ही तर ‘सावकाश जाऊ’ असं आतल्यांना धरून लिहिलं होतं.

टाकलेला व्हिडिओ मी काढून घेतला आहे. जिथे जिथे पुढे गेला तिथे जमेल तेवढ्या ठिकाणी खरं काय ते माझ्या नावाने लिहिलं आहे. सगळीकडे पोहोचलो असेन असं नाही. म्हणून सोमवारी सकाळी पावणेसातला मी भऱ्याच्या फाट्यावर उभा राहीन. कोणा पालकांना काही विचारायचं असेल तर त्यांनी मला समोर विचारावं. त्यांचं समाधान झालं तरच मुलांना व्हॅनमध्ये बसवावं.

या पत्रात सदर हा शब्द कुठेही नाही, नातीकडून तपासून घ्या. एक झेरॉक्स मी माझ्याकडे ठेवली आहे. व्हॅनमध्ये ठेवून कागद भिजला किंवा फाटला तर सांगा, पुन्हा लिहून देईन.

तुमचा,
पुढच्या सीटवरचा